‘टँक’ या शब्दाची जात

मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. त्या हिशेबाने ‘टँक’ हे सामान्यनाम. व्याकरणाचे काम तिथे संपते. परंतु शब्द माणसांत वावरतो, आणि माणसांत वावरणाऱ्या कोणत्याही गोष्टीला आपल्या देशात आणखी एक जात चिकटते. शब्द कोणाच्या हाताखाली घडला, कोणत्या कागदावर चढला, त्याच्या काठावर कोणाला येऊ दिले नाही आणि त्याच्या आत कोणाला उतरवले, हे पाहिले की ही दुसरी जात कळते. या लेखात मला तेवढेच पाहायचे आहे.

माझा या शब्दाशी संबंध पोटापाण्याचा आहे. मी तीसेक वर्षे बेलापूरच्या एका कार्यालयात टंकलेखक होतो. पाणीपुरवठा, गटारे, टाक्या, निविदा यांची पत्रे टाइप करता करता माझी बोटे झिजली. माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर जालन्याकडून निघाले आणि तुर्भ्याच्या डोंगराखालच्या दगडखाणीत कामाला लागले. त्यांच्या हातात हातोडा आणि टाकी असे. टाकी म्हणजे दगड घडवण्याची छिन्नी. माझ्या हाती टंकयंत्र आले. वडिलांची टाकी, माझे टंकलेखन आणि इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी यांत नुसते आवाजाचे साम्य आहे की काही नाते आहे, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता.

नवी मुंबईत हा शब्द दिवसातून किती वेळा कानावर पडतो ते मोजून पाहावे. मोरबे धरणाचे पाणी आधी इमारतीच्या ‘अंडरग्राउंड टँक’मध्ये येते, तिथून मोटारीने ‘ओव्हरहेड टँक’मध्ये चढते. सोसायटीच्या फळ्यावर ‘टँक साफ करण्याचे काम असल्यामुळे उद्या पाणी बंद’ अशी सूचना असते. पाणी आले नाही की टँकर. पेट्रोल पंपावर ‘टंकी फुल’. हॉटेलात काचेचा फिश टँक. वर्तमानपत्रात थिंक टँक. त्यात कोण बसतात आणि कोणाविषयी विचार करतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २६ जानेवारीच्या संचलनात रणगाडा येतो, तोही टँकच. आणि जिथे भुयारी गटार पोहोचलेले नाही तिथे, इमारतीच्या मागच्या बाजूला, जिकडे कोणी सहसा पाहत नाही, सेप्टिक टँक.

एवढ्या वस्तूंना एकच शब्द कसा पुरला? हा शब्द इंग्रजी, असे आपण सारेच धरून चालतो. खुद्द इंग्रजांना मात्र तसे वाटत नाही. त्यांच्या कोशकारांनी या शब्दाची दोन घराणी सांगितली आहेत. एक पोर्तुगीज. पोर्तुगीज भाषेत ‘तांके’ म्हणजे साठवलेल्या पाण्याचे तळे. पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा संबंध जोडतात, आणि काही जण त्याही मागे लॅटिनमधल्या साचलेल्या पाण्याच्या शब्दापर्यंत जातात. दुसरे घराणे आपल्याकडचे. गुजरातीत ‘टांकुं’, मराठीत ‘टांके’ किंवा ‘टाके’. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या कोशात टांके आहे. युल आणि बर्नेल यांनी १८८६ साली हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा जो प्रसिद्ध कोश छापला, त्यात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. आज बहुतेकांचे मत असे दिसते की पश्चिम किनाऱ्यावर दोन्ही शब्द एकमेकांना भेटले, उच्चार जुळला, अर्थ जुळला, आणि त्या भेटीतून इंग्रजांनी आपला ‘टँक’ उचलला. सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारात आला तेव्हा त्याच्याबरोबरच्या एडवर्ड टेरी नावाच्या पाद्र्याने या देशातल्या तळ्यांचे वर्णन करताना इथले लोक त्यांना असे म्हणतात म्हणून हा शब्द नोंदला. म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या लेखी हा परका, हिंदुस्थानी शब्द होता. आज आमची मुले तो इंग्रजी म्हणून घोकतात.

आता टाके. सह्याद्रीच्या ज्या किल्ल्यावर जावे तिथे कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. विहिरीसारखे ते बांधलेले नसते. कातळ वरून खाली कोरत नेलेला असतो. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे दगड फोडण्याची छिन्नी. त्यावरूनच मराठीतली हत्याराची टाकी. कोरणे, ठसा उठवणे हा त्या मुळातला भाव आहे. टांकसाळ त्याचीच, आणि टंकलेखन हा अलीकडे घडवलेला शब्दही त्याच कुळातला. तेव्हा टाकीने कोरले ते टाके, असा तर्क करावासा वाटतो. तर्कच आहे, भाषाशास्त्राच्या न्यायालयात तो टिकेल की नाही हे पंडितांनी ठरवावे. पण वडिलांच्या तळहातावरचे घट्टे ज्याने पाहिले आहेत त्याला हा तर्क सोडवत नाही. शब्दाच्या पोटात पाणी आहे हे सगळ्यांनी पाहिले. ते पाणी ज्यात राहिले ती पोकळी कोणीतरी घाव घालून कोरली, याची आठवण मात्र शब्दाच्या मुळाशीच राहिली.

या कातळातल्या टाक्यांचे याहून जुने नाव ‘पोढी’ आहे. कान्हेरीच्या, जुन्नरच्या, नाशिकच्या बौद्ध लेण्यांतील ब्राह्मी लेखांत ते सापडते. कान्हेरीला कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान केल्याचा लेख आहे. कल्याण म्हणजे आमच्या शिळफाट्यापासून हाकेच्या अंतरावर. महाडजवळ गांधारपाले येथील लेण्यांतही लेणे, चैत्यगृह, ओवऱ्या यांच्याबरोबर पोढ्या दिल्याची नोंद आहे. त्या लेखांत दान देणाऱ्याचे नाव आहे, त्याचा धंदा आहे, गाव आहे. पाणी कोणी पिऊ नये याची यादी नाही. आणि त्याच महाड गावात अठरा शतकांनंतर एका तळ्यापायी माणसांची डोकी फुटली.

मुंबईत तर हा शब्द पाण्यावाचून नुसता नावापुरता उरला आहे. गोवालिया टँक म्हणतात तिथे आज मैदान आहे, सी. पी. टँकला रस्ता आणि दुकाने. तळी बुजवली गेली, शब्द राहिला. अशा कोरड्या शब्दाचा एक गुण असतो. त्याला चव नसते, वास नसतो, सोवळेओवळे नसते. त्यात काय भरावे हे वापरणाऱ्याने ठरवायचे. हा गुण ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी हकीकत त्याच्यावर उभी आहे.

हा कोरडेपणा ब्रिटिश सैन्याने कसा वापरला ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धात पोलादी पत्र्याचे, पट्ट्यांवर चालणारे नवे यंत्र गुप्तपणे तयार होत होते. लिंकन गावच्या कारखान्यातल्या कामगारांना हे काय चालले आहे असे कोणी विचारू नये म्हणून सांगण्यात आले की मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी वाहून नेण्याची ही भांडी आहेत. मग ‘वॉटर कॅरियर’ हे नाव सुचले. पण इंग्रज अधिकाऱ्यांना समित्यांची नावे आद्याक्षरांनी घेण्याची सवय. ‘डब्ल्यू. सी.’ म्हणजे संडास! संडासाचे नाव अंगाला लागू नये म्हणून त्यांनी ते टाळले आणि १९१५ च्या डिसेंबरात ‘टँक’ पसंत केला, अशी कथा त्या यंत्राच्या कर्त्यांकडूनच आलेली आहे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा रणांगणावर उतरले. एका हिंदुस्थानी पाणवठ्याचे नाव असे एका संहारक यंत्राला मिळाले. विटाळ फक्त आपल्याकडेच शब्दांना लागतो असे नाही, एवढे यातून कळते.

आता महाड. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला : सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले, आणि त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. मग १०८ घागरी पाणी उपसून, गोमूत्र-शेण कालवून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. हा भाग आपल्या वाचकांना पाठ आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात भर घालण्याचा माझा इरादा नाही. मला पाहायचे आहे ते कागदाकडे.

१९२७ च्या डिसेंबरात स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला. तळे आमच्या मालकीचे, आम्हांलाच त्याचे पाणी वापरण्याचा हक्क, प्रतिवादींनी तिथे जाऊ नये. हा दावा महाड, ठाणे आणि मुंबई अशा तीन पायऱ्या चढत दहा वर्षे चालला. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, असे त्याचे नाव. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी, स्पृश्यांचे अपील फेटाळले. (आमचे शहर ज्या सिडकोने वसवले तिची स्थापनाही १७ मार्चचीच, १९७० सालची. योगायोगापलीकडे त्यात काही नाही, पण टाइप करताना ही तारीख मला नेहमी डोळ्यांत भरत असे.)

या दाव्यात गावच्या तोंडी असलेले ‘तळे’ न्यायालयाच्या इंग्रजी निकालात ‘टँक’ झाले. हा केवळ भाषांतराचा मामला नाही. ‘तळे’ म्हटले की गाव आले, गावाबरोबर गावकी आली, गावकीबरोबर ‘पूर्वापार चालत आलेली वहिवाट’ आली. पूर्वापार हा तर वादींचा मुख्य आधार होता. ‘टँक’ म्हटल्यावर प्रश्न वेगळे पडतात. हा टँक कोणाच्या नावावर आहे? नगरपालिकेच्या. वहिवाट अनादि काळापासून आहे याला पुरावा काय? तो देता आला नाही. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे वसण्यापूर्वी अशी मक्तेदारी कोणी सांगितली असेल का, याविषयीच न्यायालयाने शंका दाखवली. इंग्रजी कायद्याने आम्हांला माणूस म्हणून मिठी मारली असा याचा अर्थ कोणी करू नये. न्यायालयाने मालकी आणि पुरावा पाहिला, अस्पृश्यतेला हात घातला नाही. पण कोरड्या शब्दात विटाळ मिसळत नाही, तो तरंगत वर येतो आणि दिसतो. एवढा उपयोग त्या शब्दाचा झाला.

कोणी म्हणेल, हा महाडच्या गावकीचा प्रश्न होता. ज्यांनी बाबासाहेबांच्या आठवणी वाचल्या आहेत त्यांना दौलताबाद आठवेल. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळकडे जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. दरवाजाबाहेर लहानसा, पाण्याने भरलेला टँक होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काहींनी त्यात हातपाय धुतले, तोच एक म्हातारा मुसलमान ओरडत धावून आला, गर्दी जमली. किल्ल्यात पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, शिपाई बरोबर देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. तळ्याचा मालक बदलला, राज्य बदलले, धर्म बदलला, तरी काठ तोच.

त्यानंतर हा शब्द जिथे जाऊन बसला ती जागा फार कमी लोकांच्या ध्यानात असते. भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडात, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला कशापासून अडवता येणार नाही हे सांगताना दुकाने, उपाहारगृहे यांच्यानंतर विहिरी येतात आणि त्यांच्या पाठोपाठ इंग्रजीत ‘टँक्स’. मराठी प्रतीत तिथे ‘तलाव’ आहे. राज्याच्या पैशाने राखलेले किंवा सर्वसामान्य जनतेला अर्पण केलेले, ही बोल्यांच्या ठरावातली अटही तिथे उतरली आहे. ज्या दाव्यात ‘टँक’वर जाऊ नये म्हणून मनाई मागितली होती, त्या दाव्यातला प्रतिवादी या संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता. मूलभूत हक्कांच्या मजकुरात एका पाणवठ्याला नावानिशी जागा का मिळाली, हे परदेशी वाचकाला समजावून सांगावे लागेल. आपल्याला नाही.

काठाचा प्रश्न कागदावर तरी असा सुटला. आता आतला प्रश्न.

सेप्टिक टँकमधला ‘सेप्टिक’ ग्रीक, सडवणारे या अर्थाचा. फ्रान्समध्ये मुरास नावाच्या गृहस्थाने असा हौद प्रथम केला आणि १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटर शहराचा सर्वेक्षक कॅमेरॉन याने आपल्या हौदाला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले आणि ते जगभर गेले. कल्पना सुंदर आहे. मैला बंद हौदात राहतो, हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याला सडवतात, गाळ तळाशी बसतो, पाणी पुढे जाते. यात माणसाला उतरण्याचे काही कारणच नाही. गाळ यंत्राने ओढून काढायचा आहे. आपल्याकडे मात्र यंत्राच्या आधी माणूस हाताशी होता, पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामासाठी राखून ठेवलेला. सडण्यातून जे वायू निघतात त्यात हायड्रोजन सल्फाईड असतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असेल तर वास घेण्याची शक्तीच मरते आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. म्हणून अशा बातम्यांत मेलेला बहुधा एकटा नसतो.

इथे तोच कोरडा शब्द उलटा फिरतो. महाडला त्याने विटाळ उघडा पाडला. इथे तो नरक झाकतो. ‘सेप्टिक टँक क्लीनिंग’ असे मी निविदांत शेकडो वेळा टाइप केले असेल. वाचणाऱ्याला वाटावे, एखाद्या यंत्राची देखभाल चालली आहे. सरकारी मराठीची गंमत याहून पुढची. पिण्याच्या पाण्याच्या उंच टाकीला कागदोपत्री ‘जलकुंभ’ म्हणतात. मैल्याच्या टाकीला कुंभ म्हणण्याचे धाडस अजून कोणत्याही भाषा संचालकाला झालेले नाही; तिथे इंग्रजी चालते. शुद्ध पाण्याला संस्कृत आणि मैल्याला परभाषा, ही वाटणी कोणी बैठक घेऊन केली नसेल. ती आपोआप झाली, हेच तिचे लक्षण.

नेरुळच्या एका सोसायटीत मी काही वर्षे भाड्याने राहत होतो. गच्चीवरची टाकी धुण्यासाठी चार पोरे आली होती. पाय धुऊन, ब्रश घेऊन ती शिडीवर चढणार इतक्यात समितीतल्या एका सद्गृहस्थांनी मुकादमाला बाजूला घेऊन हळूच विचारले, “ही मागच्या टाकीवाली पोरं नाहीत ना? ती वेगळी असतात ना?” मुकादमही तयारीचा. म्हणाला, “नाही साहेब, ती वेगळी.” सद्गृहस्थांचे समाधान झाले. स्वच्छतेचा प्रश्न असता तर त्यांनी ब्रश कोणता आणि औषध कोणते हे विचारले असते. त्यांनी माणूस विचारला.

कायद्याने या आतल्या टँकची दखल फार उशिरा घेतली. १९९३ चा कायदा मुख्यतः कोरड्या संडासांविषयी होता; गटार आणि सेप्टिक टँकमध्ये उतरणारा त्याच्या व्याख्येत बसत नव्हता. २०१३ च्या कायद्यात सेप्टिक टँकची रीतसर व्याख्या आली आणि ७ व्या कलमाने गटारांच्या व सेप्टिक टँकच्या ‘धोकादायक सफाई’साठी माणूस लावण्यास बंदी झाली. तो कायदा लागू झाला तो दिवस ६ डिसेंबर. पण ‘धोकादायक’ या विशेषणात फट आहे : संरक्षक साधने दिली की उतरवणे धोकादायक राहत नाही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून अशा प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ते ३० लाख झाले. आणि वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द, त्यापुढचे गोवंडी. तिथे डिसेंबर २०१९ मध्ये एका इमारतीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात यावे लागले आणि १७ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा हुकूम केला. ज्या न्यायालयात टँकच्या काठावर जाण्याचा दावा निकालात निघाला, तेच हे न्यायालय.

निवृत्त झाल्यावरही वस्तीतले लोक अर्ज टाइप करून घ्यायला माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी एक बाई आली. नवरा टाकीत गेला होता. तिच्याजवळ ठेकेदाराच्या माणसाने लिहून दिलेला एक कागद होता. त्यावरून अर्ज करायचा होता. कागदावर लिहिले होते, ‘पाय घसरून टाकीत पडला.’ मी तिला विचारले, “वहिनी, ते पडले की त्यांना उतरवलं?” ती म्हणाली, “कमरेला दोर बांधून सोडलं होतं, भाऊ. दोर मीच ओळखला.”

दोर बांधलेला माणूस पाय घसरून पडत नाही. मी अर्जात ‘पडला’ टाइप केले नाही. ‘उतरवला’ केले, आणि खाली दोराचे वाक्य तिच्याच शब्दांत घातले. तिने अंगठा उमटवण्याआधी तो मजकूर दोनदा वाचून दाखवायला लावला.